ओळीच्या शेवटचा सूर

उजागरे मास्तर आले तेव्हा मी पियानोच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उंदराची पिल्लं काढत होते.

"रूथ, आत येऊ का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"या ना मास्तर. फक्त त्या स्टुलावर बसू नका. पिल्लं ठेवलीत."

मास्तर बसलेच नाहीत. टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले, शाळा तपासायला साहेब आल्यावर उभे राहायचे तसे. मला त्यांनी चौथीत शिकवलेलं. आता मी तिशीची झाले होते, नगरच्या मिशन वसतिगृहाची रेक्टर होते, अख्खं वसतिगृह भरून पोरी माझ्या चपलांच्या आवाजाला टरकून असायच्या. पण मास्तर समोर आले की माझे हात आपोआप पाठीमागे जायचे. तेव्हाही गेले. एका हातात पिल्लू होतं.

"शमूचं तुझ्याकडे काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एक स्वेटर आहे, निळा. आणि त्या कॅसेटी आहेत, त्या तशा वसतिगृहाच्याच..."

"वस्तू नाही गं विचारत. वाजवायचं. त्याने स्वतः केलेलं. ते सगळं तुझ्या हातात आहे म्हणे."

शमुवेल हा मास्तरांचा एकुलता एक मुलगा, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. पुण्याला पियानो शिकायला गेला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत काविळीने गेला. विशीत. मास्तरांना निरोप मिळाला, ते एसटीने पोचले, तोवर त्यांच्यासाठी काही करायचं उरलेलंच नव्हतं. त्याला जाऊन नऊ-दहा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत मास्तर कुणाकडेच शमूचं नाव काढत नव्हते, आणि आता हॉलमध्ये उभे राहून मला त्याचा हिशोब विचारत होते.

शमूला पियानो मी शिकवला, असं आमच्या कंपाउंडात अजून सांगतात. मी काय शिकवणार? मलाच कुणी शिकवलं नव्हतं. चर्चमध्ये रविवारी पेटी वाजवायचे, ती बघून बघून. वसतिगृहात हा पियानो धूळ खात पडला होता, तर त्याच्यावर तोच उपद्व्याप चालू केला. शमू सात-आठ वर्षांचा असताना मास्तरांसोबत यायचा आणि मी वाजवत असले की पियानोच्या खाली जाऊन बसायचा. मग एक दिवस खालून वर आला. बाराव्या वर्षी तो माझ्या पुढे गेला. पंधराव्या वर्षी तो कुठवर गेलाय तेच मला दिसेनासं झालं.

मिशनच्या दवाखान्यातल्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना कॅसेटींचं खोकं मागे ठेवून गेल्या होत्या. सगळं विलायती पियानोचं. नोटेशन वाचायला त्यालाही येत नव्हतं आणि मलाही. एक तुकडा ऐकायचा, टेप थांबवायचा, बोटांनी शोधायचा, पुन्हा टेप. एका दुपारी मी भांडारातून तांदूळ काढून देत होते आणि हॉलमधून काहीतरी ऐकू आलं. खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी मला पाठ होत्या. हे त्यातलं नव्हतं.

"हे कुठलं रे?" मी माप हातात घेऊनच विचारायला गेले.

"हे माझं," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

अशी त्याने चार केली. त्याने नावं दिली नाहीत, म्हणून पोरींनी दिली. पहिलं ते 'पळापळीचं'. दुसरं 'माशीचं', कारण त्यात एक सूर सारखा भिणभिणत राहायचा. तिसरं 'दुपारचं'. चौथ्याला काय म्हणावं यावर पोरींचं एकमत होईना, म्हणून ते नुसतं 'चौथं' राहिलं. पुढे एका नाताळाला पुण्याचे एक संगीतशिक्षक कुणाकडे तरी पाहुणे आले, त्यांनी चारही ऐकली, चष्मा काढून पुसला आणि शमूला घेऊन गेले. शमू वारल्यावर तेच शिक्षक मास्तरांना भेटायला आले तेव्हा म्हणाले, "त्याच्या सुरुवातीच्या रचनाच इतक्या गुणी होत्या..." मी चहा देत होते. मनात आलं, पुढच्या नाहीतच, तर सुरुवातीच्या कशाला म्हणायचं?

कागदावर त्यातलं काही नव्हतं. पुण्यात तो लिहायला शिकत होता. सुट्टीत येतो आणि चारही उतरवून काढतो, म्हणाला होता. आमचा टेपरेकॉर्डर नुसताच वाजवायचा. भरून घ्यायचं बटण पोरींनी केव्हाच तोडलेलं. तेव्हा मास्तरांनी ऐकलं होतं ते खरंच होतं. शमूचं जे काही होतं ते माझ्या दोन हातांत होतं, आणि त्यातला एक त्या वेळी उंदराच्या पिल्लाने अडवला होता.

मी पिल्लं बागेत सोडून आले, हात धुतले आणि चारही वाजवून दाखवली. शमूसारखी नाही. ती कुणालाच येणार नाहीत. पण सूर सगळे होते, एकही मी सांडला नव्हता.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. चौथं संपल्यावर म्हणाले, "हे शेवटचं. हे परत."

चौथं संथ होतं. दोन-तीन जवळजवळच्या सुरांवर कुणीतरी स्वतःशीच बोलत असावं तसं चालायचं, आणि दर ओळीच्या शेवटी जिथे टेकायला हवं तिथे न टेकता जरासं खाली घसरायचं. पांढऱ्या पट्टीच्या ऐवजी शेजारच्या काळ्यावर. तिथे थोडा वेळ बसायचं आणि पुन्हा उठून चालू लागायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शमूला विचारलं होतं, "हे चुकतंय का रे?" तर तो हसला. "नाही ताई, ते तसंच जातं." एवढंच.

मास्तरांनी ते तीनदा ऐकलं, टोपी घातली आणि गेले. मी झाकण लावतेय तोवर परत दारात.

"गेटपर्यंत होतं," ते म्हणाले. "मग टेम्पो गेला आणि पुसलं गेलं."

मी पुन्हा वाजवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसले.

"रूथ, मला हे धरता येत नाही. मी ऐकतो, फार बरं वाटतं, आणि घरी जाईपर्यंत माझ्याकडे काहीही उरत नाही. हाताला धरायला काहीतरी पाहिजे. मी याला शब्द लिहितो."

मला हे येणार याची भीती होतीच. आमच्याकडे चाल रिकामी ठेवत नाहीत. कुणी बासरीवर चार सूर जरी वाजवले तरी आठ दिवसांत कुणीतरी त्यात देवाचं नाव घालून आणतं, आणि पुढच्या नाताळात मंडळी ते गात असते. मास्तर तर त्यातले मोठेच. बारशाची, लग्नाची, मयतीची गाणी त्यांनीच लिहिलेली.

"मास्तर, शमूला ते नको होतं," मी म्हणाले. "मला त्याने स्पष्ट सांगितलं होतं. शब्द लावायचे नाहीत."

"मलाही सांगितलं होतं. तुझ्याआधी." मास्तर टोपीची कड चाचपत राहिले. "सतरा वर्षांचा होता. मी म्हटलं, शमू, चाल चांगली आहे, दोन ओळी लिहून देतो. तर म्हणाला, बाबा, शब्द आले की लोक शब्दच ऐकतात."

"मग?"

"मग काय? बरोबरच बोलला तो. पण मी लोकांतलाच आहे ना गं."

मी पियानोच्या झाकणावरून हात फिरवत राहिले.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "आज हे तुझ्या हातात आहे. उद्या तुला काही झालं, तुझी बदली झाली, पियानो उंदरांनी खाल्ला, की संपलं. माझा मुलगा होता याला पुरावा काय? गाणं झालं तर चारशे माणसांच्या तोंडात राहील. मला तो कुठेतरी राहायला हवाय."

मी हो म्हणाले. एक अट घातली: पहिल्या स्मृतिदिनाला आधी मी शमूचं चौथं त्याचं त्याने केलं तसं, बिनशब्दांचं वाजवणार, आणि मग मास्तरांचं गाणं. मास्तरांनी लगेच मान्य केलं. "आधी त्याचं, मग माझं," ते म्हणाले. "वयाच्या उलटं आहे, पण असू दे."

पुढचे दोन महिने मास्तर रोज संध्याकाळी यायचे. पोरी अभ्यासाला बसल्या की आमचं सुरू. भाजीबाजारात होणार नाही अशी घासाघीस आम्ही सुरांसाठी केली.

"या 'देवबापा'त चार अक्षरं आहेत आणि तुझे सूर नऊ. माझी पाच अक्षरं कुठून आणू?"

"ओढून म्हणा ना मास्तर. एका अक्षरावर दोन-दोन सूर."

"चर्चमध्ये पुढे गाणार टबीथाबाई, तिला दम्याचा त्रास आहे. ती ओढेल का? दोन सूर कमी कर."

"एक करते."

"दीड कर."

"सूर अर्धा कसा करणार?"

"तू कशाला करतेस, टबीथाबाई करेल की."

हसू यायचं, आणि हसता हसता दोघांनाही एकदम कळायचं की आपण कशाला बसलोय. मग मास्तर नाक शिंकरायचे आणि मी पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसायची.

शब्द साधे होते. 'देवबापा, उशीर झाला घरी यायला, उघडशील ना दार.' असं पोर बापाच्या दाराशी उभं आहे. पहिल्यांदा त्यांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी उठून पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आणत राहिले.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून.

"हा ओळीच्या शेवटचा सूर चुकलाय," मास्तर म्हणाले. "'दार'वर खाली का जातो? दार उघडायचंय, पाडायचं नाही."

"चुकलेला नाही. त्याने मुद्दाम ठेवलाय."

"कशासाठी?"

"ते नाही सांगितलं त्याने. पण प्रत्येक वेळी तिथेच जायचा. मी त्याला विचारलं होतं."

"लोकांना नाही गाता येणार तो. सरळ कर."

"मास्तर, मी तुम्हाला बाकी सगळे सूर दिले. हा राहू द्या. हा काढला तर ते दुसऱ्या कुणाचंही असू शकेल."

मास्तरांनी शब्दांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग मला चौथीत भागाकार समजावायचे त्या आवाजात म्हणाले, "रूथ, पोर चुकलं तर लोक हसतात. तो नाहीये सांगायला, की मी मुद्दाम केलं म्हणून. माझ्या पोराला कुणी हसलेलं मला चालणार नाही."

मी काळी पट्टी सोडली आणि पांढरी दाबली. गाणं एकदम मऊ झालं, गुळगुळीत, कुणालाही येईल असं. मास्तरांचा चेहरा उजळला.

गंमत अशी की तो सरळ सूर सगळ्यात जड मास्तरांनाच गेला. आवाज मोठा, चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पण म्हाताऱ्या माणसांचा बसतो तसा ओळीच्या शेवटी खाली बसायचा. मी पांढरी पट्टी दाबून धरायची आणि म्हणायचं, "वर, मास्तर, वर. श्वास राखून ठेवा." ते मान ताठ करून पुन्हा म्हणायचे. पुन्हा बसायचा. पाढे चुकल्यावर मी जशी त्यांच्याकडे बघायचे तसे ते माझ्याकडे बघायचे. "छडी आण एक," म्हणायचे. मग घरी घोकायला लागले. महिन्याभराने एका संध्याकाळी त्यांनी ती ओळ म्हटली आणि शेवटचा सूर जागच्या जागी उभा राहिला, जराही न हलता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. ते इतके लाजले की टोपी विसरून गेले.

स्मृतिदिनाची उपासना वसतिगृहाच्या हॉलमध्येच ठेवली, कारण पियानो हलवायचा तर त्याचे पाय निखळले असते. मंडळी सगळी आली. मास्तर पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी त्यांच्या पत्नी सगुणाकाकू, डोक्यावर पदर, मांडीवर हात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मला खूण केली.

मी शमूचं चौथं वाजवलं, त्याच्यासारखं, काळ्या पट्टीसकट. लोक आधी शांत होते. मग खोकले सुरू झाले. कुणीतरी गाण्याचे छापलेले कागद वाटायला सुरुवात केली. टबीथाबाई कुजबुजल्या, आणि त्यांची कुजबुज म्हणजे दवंडी: "काय गं, पेटी नाही का लागत तिची? कधीपासनं नुसती चाचपतेय."

मी शेवटपर्यंत वाजवलं. कुणाला कळलं नाही की ते संपलं.

मग मास्तर उभे राहिले आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं त्यांनी एकट्याने म्हटलं. 'दार'वर त्यांचा आवाज सरळ, स्वच्छ उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला बाया सामील झाल्या, तिसऱ्याला सगळा हॉल. टबीथाबाई दम लागेपर्यंत गात होत्या आणि डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब रडत होते. मीसुद्धा. पुढे ते गाणं राहुरीला गेलं, श्रीरामपूरला गेलं, खेड्यापाड्यांत ढोलकीवर गेलं. आजही त्या बाजूला कुणाची मयत झाली की ते म्हणतात, आणि कुणी केलं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. मास्तरांना हवं होतं तसंच झालं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

दुपारी पोरी शाळेत होत्या. सगुणाकाकू आल्या. आदल्या दिवशीची उपासना सोडली तर इतक्या वर्षांत त्या वसतिगृहाची पायरी चढल्याचं मला आठवत नाही. शमूला न्यायलासुद्धा त्या गेटपाशी थांबायच्या. आत येऊन त्यांनी पियानोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काल आधी जे वाजवलंस, ते वाजवतेस का? नुसतं. गाणं नको."

मी वाजवायला बसले. पहिल्या ओळीच्या शेवटी मी काळ्या पट्टीवर आले आणि काकूंच्या तोंडून श्वास सोडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ. हे, हे. हे ते आहेत."

"कोण?"

"हेच. आमचे हे."

मी थांबले.

"ते पहाटे उठून प्रार्थना करतात," काकू म्हणाल्या. "कुणी जागं होऊ नये म्हणून हळू, पुटपुटत. एकच खोली आमची, मध्ये पडदा. अलीकडे मी आणि शमू, पलीकडे हे. दर वाक्य संपलं की यांचा आवाज असा खाली बसतो. दमलेलं माणूस खुर्चीत बसतं ना, तसा. शमू लहान असल्यापासनं जागा असायचा. माझ्या कानात म्हणायचा, आई, आता बसेल बघ. आणि बसायचा. मग आम्ही दोघं गोधडी तोंडात धरून हसायचो. लहानपणी हसायचा. मोठा झाल्यावर हसायचा नाही, नुसता ऐकत पडायचा."

मी काकूंकडे वळले.

"त्याने तुम्हाला सांगितलं होतं? हे तेच आहे म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? हे केलं त्या दिवशी घरी येऊन मला तोंडाने म्हणून दाखवलं. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, अरे, हे तर तुझे बाबा! तर माझ्या गळ्यातच पडला, पिठाच्या हातांसकट. म्हणाला, त्यांना सांगू नकोस. मी लिहायला शिकलो की कागदावर वर त्यांचं नाव घालून देईन."

बाहेर कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती. मी पट्ट्यांकडे बघत बसले. काळ्यावर बोट तसंच होतं.

"काकू, मग तुम्ही आधी का नाही बोललात? आम्ही तो सूर काढला. मास्तरांनीच काढायला लावला. त्यांना वाटलं, ती शमूची चूक आहे."

"मला कुठे माहीत होतं तुमचं काय चाललंय? पहाटे यांना घोकताना मी ऐकायचे. सरळ म्हणतात एवढंच कळायचं. मला वाटलं, शिकतायत, अजून जमत नाही. काल तू आधी वाजवलंस तेव्हा कळलं की तुला बरोबर येतंय."

मी उठलेच. "चला. आत्ताच्या आत्ता मास्तरांना सांगू या. अजून काही बिघडलं नाही. पुढच्या रविवारी बदलून घेऊ..."

"बस गं," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मी बसले. "काय सांगणार? की तुमच्या पोराने तुमच्यावर गाणं केलं, आणि तुम्ही त्यातनं नेमके तुम्हीच काढून टाकलेत?"

मी खिडकीत राहिलेल्या मास्तरांच्या टोपीकडे बघितलं.

"मयतीला वेळेवर पोचले नाहीत, ते रोज मनात असतं त्यांच्या. जेवत नव्हते. काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या. मला म्हणाले, सगुणा, शमूचं एवढं एक काम माझ्या हातनं नीट झालं. आता मी जाऊन सांगू, की नाही झालं?"

"आणि तुम्ही?"

काकूंनी पदराच्या टोकाने पियानोवरचा माझ्या बोटांचा ठसा पुसला.

"सवय लागली ना त्यांना सरळ म्हणायची," त्या म्हणाल्या. "आता प्रार्थनेतसुद्धा तसंच म्हणतात. मी जागी असते. पडून ऐकते. वाक्य संपत येतं तसं वाटतं, आता बसेल, आता बसेल." त्यांनी मान हलवली. "नाही बसत."

मग त्या म्हणाल्या, "वाजव. राहिलेलं वाजव."

मी वाजवलं. संपल्यावर पुन्हा वाजवलं. काकू स्टुलावर बसल्या होत्या, डोळे उघडे, मान किंचित कलती, आपण भिंतीपलीकडचं ऐकताना धरतो तशी. ओळ खाली जाऊन काळ्यावर बसायची, तिथे थांबायची आणि उठायची. तिसऱ्यांदा वाजवताना दारात सावली पडली.

"इथे आहेस होय!" मास्तर होते. काकूंना शोधत आले होते, आणि आठवड्यापूर्वी विसरलेली टोपी न्यायला. काल रात्रीच्या दोन भाकरींचा चेहरा अजून तसाच होता. "मी सगळीकडे शोधतोय. आणि रूथ, तू अजून त्याच चुकीवर अडून आहेस?"

मी हात मांडीवर घेतले. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या.

"अगं, तो सूर असा," मास्तर म्हणाले. हॉलच्या मधोमध उभे राहिले, खाकरले, मान ताठ केली, मी शिकवला होता तसा श्वास राखून ठेवला आणि ती ओळ म्हटली. उशीर झाला घरी यायला. उघडशील ना दार. शेवटचा सूर त्यांनी उंच धरला आणि धरून ठेवला, हॉलच्या छतापर्यंत जाईल असा, जराही न डगमगता.

"आलं का बरोबर?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

सगुणाकाकू उठल्या, पदर नीट केला आणि त्यांची टोपी खिडकीतून काढून त्यांच्या हातात दिली.

"छान आलं," त्या म्हणाल्या. "चला आता, ऊन उतरलंय."

"तू सांग," मास्तर माझ्याकडे वळले. "तुझा कान जास्त धारदार. आलं का?"

मी पांढरी पट्टी दाबली. सूर त्यांच्या सुराशी तंतोतंत जुळला.

"आलं, मास्तर," मी म्हणाले.